रोजची गाडीच ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी : वजन कमी करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न एकच गाडी असलेल्यांचे आहेत. आठवडाभर तीच गाडी ऑफिसला जाते आणि अधूनमधून एखाद्या शनिवारी रेसिंगच्या ट्रॅकवर. फक्त ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीचे नियम वेगळे, ते इथे लागू होत नाहीत. आकडे ११०० ते १३०० किलोच्या हॅचबॅक किंवा छोट्या सेडानचे धरले आहेत. तुमच्या गाडीत ते थोडे इकडेतिकडे होतील, म्हणून आधी प्रश्न २ वाचा.

१. इंजिनची ताकद वाढवायची सोडून वजनाच्या मागे का लागायचं?

ताकद वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते, पण तिला थांबवायचं आणि वळवायचं काम आणखी अवघड होतं. वजन उतरवलं की पळणं, थांबणं आणि वळणं तिन्ही सुधारतं. १२०० किलोच्या गाडीला १२० हॉर्सपॉवर असेल, तर टनामागे १०० पडतात. त्यातले १०० किलो गेले की टनामागे १०९ होतात. हाच परिणाम इंजिनमधून हवा असेल तर साधारण १३१ हॉर्सपॉवर लागतील, आणि त्यासोबत येणारी जास्तीची उष्णता वेगळीच.

खरा फायदा मला ब्रेकिंगमध्ये दिसतो. ताशी १६० किलोमीटरला १२०० किलोच्या गाडीत जवळपास १२ लाख ज्यूल ऊर्जा असते. वजन १०० किलोंनी कमी असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण थांबताना पॅड-डिस्कना सुमारे एक लाख ज्यूल कमी पचवावे लागतात. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये ब्रेक किती वेळा लागतो ते मोजा, म्हणजे शेवटच्या लॅपला पेडल मऊ का पडत नाही ते कळेल. टायरचंही तसंच आहे. त्याच्यावरचा भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, थोडी मागे राहते. म्हणून हलकी गाडी त्याच टायरवर वळणात जास्त वेग धरते.

१९९६ ची पहिली लोटस एलिस आठवा. इंजिन १८०० सीसीचं, ताकद जेमतेम ११८ हॉर्सपॉवर, पण गाडी साधारण ७२५ किलोची. नाव झालं ते त्या दुसऱ्या आकड्यामुळे.

२. सुरुवात कुठून करू?

वजनकाट्यावरून. ट्रक मोजतात त्या काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. तीन आकडे मिळतात आणि पुढच्या-मागच्या भाराचं प्रमाण कळतं. मोठे काटे पाच-दहा किलोंचा फरक खात असतात, त्यामुळे छोटे भाग घरच्या काट्यावर तोला. भाग हातात धरून काट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा.

कंपनीने छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. कुठे त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो, कुठे टाकी भरलेली असते, कुठे यातलं काहीच नसतं.

एक वही ठेवा. काढलेला भाग, त्याचं वजन, आणि त्याने रोजच्या वापरात काय गेलं, असे तीन रकाने. या पानावरचं माझं सगळं मत त्या तिसऱ्या रकान्यातून आलं आहे. वजन बरंच गेलं आणि सोमवारी सकाळी काही जाणवलं नाही, तर काम चांगलं झालं. दोन किलोंसाठी रोजचा प्रवास नकोसा झाला, तर तो भाग परत बसवा.

३. काहीही न उघडता किती वजन उतरतं?

बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ४५ लिटरच्या भरलेल्या टाकीत ३३ किलो. अर्ध्या टाकीवर ट्रॅकवर गेलात तर सोळा किलो तिथेच वाचले. स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून पंधरा ते वीस किलो. डिकीतली छत्री, जुने बूट, पाण्याच्या बाटल्या, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं ऑइलचं कॅन यांचे आणखी पाच-सात. ट्रॅकवर पोचल्यावर हे सगळं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागी, ताडपत्रीवर काढून ठेवा आणि निघताना परत भरा. घरी जाताना स्टेपनी हवीच.

पेट्रोल मात्र पाव टाकीच्या खाली नेऊ नका. लांब वळणात ते एका बाजूला सरकतं, पंपाला हवा मिळते आणि इंजिन नेमकं वळणाच्या मध्यात अडखळतं.

सुट्या वस्तू काढायचं दुसरं कारण वजनाहून मोठं आहे. सीटखालची बाटली ब्रेक मारताना घरंगळत पुढे येते आणि पेडलखाली अडकू शकते. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅटही त्यासाठीच काढायचं.

४. मागची सीट कायमची काढावी का?

ट्रॅकच्या दिवसापुरती काढा, कायमची नको. बऱ्याच गाड्यांत बसायचा भाग दोन क्लिपांवर असतो. पुढची कड वर ओढली की सुटतो. पाठीला चार-सहा बोल्ट असतात. पहिल्यांदा तासभर लागतो, नंतर पंधरा मिनिटं. माझ्या हॅचबॅकमध्ये पाठ आणि बैठक मिळून २३ किलो भरली.

मी एकदा ती तीन महिने बसवलीच नव्हती. सीट गेल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो पेट्रोल पंपाचा बारीक सूर. मग चाकाखालचे खडे पत्र्यावर आपटतात तो ताशा, आणि सिग्नलला थांबलं की टाकीतलं पेट्रोल डुचमळतं तेही. ट्रॅकवर यातलं काहीच जाणवत नाही. रोजच्या दीड तासाच्या प्रवासात मात्र संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं, आणि ते सीटच्या अभावामुळे आहे हे कळायलाही मला आठवडे लागले.

आणखी एक गोष्ट. मागची पाठ डिकीतलं सामान पुढे येण्यापासून अडवते. ती नसताना डिकीत काही ठेवायचं असेल तर पट्ट्याने बांधून ठेवा. मोकळे लोंबणारे मागचे बेल्टही बांधा. बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर जागेचं नाव लिहा. कायमची काढायची असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

५. पुढच्या सीट बदलून बकेट सीट बसवल्या तर?

इथे खरं वजन आहे. मोटर, हीटर, एअरबॅग असलेली मूळ सीट १५ ते २५ किलो भरते. एकसंध फायबरची बकेट सीट ६ ते ८ किलो, वर तिच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट ३-४ किलो. म्हणजे एका सीटमागे दहा किलो सहज जातात. शिवाय शरीर घट्ट बसल्यामुळे वळणात स्टिअरिंगला लटकावं लागत नाही, हात मोकळे राहतात. हा फायदा मला वजनाहून मोठा वाटतो.

आता अडचणी. बऱ्याच सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते, बेल्टचं बकल सीटलाच जोडलेलं असतं, आणि शेजारच्या सीटखाली माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो. सीट काढण्याआधी बॅटरीचं टर्मिनल सोडवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच पिवळ्या कनेक्टरला हात लावा. मी एकदा टर्मिनल न सोडवता, चावी चालू असताना तो कनेक्टर काढला. एअरबॅगचा दिवा जो लागला, तो स्कॅनर लावून पुसेपर्यंत गेला नाही. दिव्यावर निभावलं, त्या स्थितीत बॅग उडूही शकली असती. आणि तो दिवा लागलेला असताना बऱ्याच गाड्यांत बाकीच्या एअरबॅगही काम करत नाहीत.

रोजच्यासाठी माझा सल्ला असा : आधी फक्त ड्रायव्हरची बदला, आणि विकत घेण्याआधी त्या सीटवर अर्धा तास बसून पाहा. उंच कडेवरून दिवसातून सहा वेळा चढ-उतार करायची आहे हे लक्षात ठेवा.

६. बकेट सीटबरोबर हार्नेस लावला. आता साधा बेल्ट काढू का?

नाही. रस्त्यावर साधा तीन-बिंदूंचाच बेल्ट लावा. हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा, तुम्हाला सीटला ताठ बांधून ठेवतो. गाडी उलटून छत खाली आलं तर साध्या बेल्टमध्ये शरीर बाजूला झुकू शकतं, हार्नेसमध्ये नाही. म्हणून हार्नेस हवा असेल तर मागे रोल बार, म्हणजे गाडी उलटल्यावर छत पेलणारी लोखंडी कमान, हवाच. खांद्याचे पट्टे जवळपास आडवे मागे गेले पाहिजेत; ते खाली जमिनीला बांधले तर धडकेत मणका दाबला जातो. पायांमधला पट्टा नसेल तर शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतं.

आणि पूर्ण रोल केज, म्हणजे केबिनभर पाइपांचा पिंजरा? हेल्मेट न घालता रोज चालवायच्या गाडीत डोक्याशेजारी लोखंडी पाइप नको. पॅडिंग लावलं तरी नको.

७. चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा किलो, हे खरं आहे का?

नाही, पण त्यामागे खरी गोष्ट आहे. फिरणाऱ्या वस्तूला पुढे ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं. वेग घेताना तिचं वजन जास्त भासतं, पण त्याला मर्यादा आहे. वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेवर असेल तर एका किलोचे दोन होतात, त्याहून जास्त नाही. टायरचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा थर, त्या कडेजवळ असतो, म्हणून तो जवळजवळ दुप्पट. रिम आत असते, तिचा एक किलो दीडच्या आसपास. ब्रेक डिस्क आणखी आत, तिचा हिशेब एकाच्या थोडाच वर.

मग हलक्या चाकांनी गाडी एवढी बदललेली का वाटते? कारण चाक स्प्रिंगच्या खाली आहे. ते हलकं असलं की खड्डा किंवा कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) ओलांडल्यावर लवकर जमिनीवर येतं आणि टायर रस्त्याला चिकटून राहतो. या सगळ्या यादीत रोजच्या वापरालाही सुख देणारा बदल हा एकच.

टायरही तोलून घ्या. त्याच मापाच्या दोन टायरांत किलो-दोन किलोंचा फरक सापडतो. मोठ्या रिमचा मोह टाळा. ब्रेक कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आत बसत असेल तर छोटी रिम हलकी, आणि जाड टायर खड्ड्यात रिम वाचवतो. रिमवर कोरलेली भारक्षमता मात्र तपासाच. नावाजलेल्या रिमची नक्कल दिसायला तशीच असते, पण आरा कुठल्या कर्बवर तुटेल याचा भरवसा नाही. हलक्या डिस्कबद्दल एवढंच : डिस्क पातळ केली तर उष्णता साठवायला धातू कमी उरतो. मधला भाग अॅल्युमिनियमचा आणि घासणारी कडी पूर्ण जाडीची, असा दोन तुकड्यांचा डिस्क ठीक.

८. लिथियम बॅटरी घेऊ का?

वजनाच्या दृष्टीने उत्तम. लेड-अॅसिड बॅटरी १२ ते १६ किलोची, लिथियम आयर्न फॉस्फेटची ३-४ किलोची, आणि वाचलेलं वजन बहुधा गाडीच्या टोकाकडचं. पण शून्य अंशाखाली ती नीट चार्ज होत नाही, इंजिनची उष्णता तिला मानवत नाही, आणि लहान क्षमतेची घेतली तर अलार्म आणि कंप्युटर पंधरा दिवसांत तिला रिकामी करतात. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किती व्होल्ट देतो ते आधी मोजा, १४.६ च्या वर जात असेल तर बॅटरीच्या कंपनीची मर्यादा वाचल्याशिवाय बसवू नका. गाडी रोज चालत असेल आणि हवामान उबदार असेल तर मी घेईन.

९. पत्र्यावरचं डांबरी साउंड डेडनिंग (आवाज दाबणारा थर) ड्राय आइसने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) काढतात म्हणे. करू का?

रोजच्या गाडीत करू नका. उणे ७८ अंशांच्या ड्राय आइसने डांबर काचेसारखं ठिसूळ होतं आणि रबरी हातोडीने टकटक केलं की तुकडे सुटतात, हे खरं. पण मिळतात पाच ते दहा किलो, आणि ते गाडीच्या तळातले, म्हणजे ज्यांचा त्रास सगळ्यात कमी. बदल्यात पत्रा ढोलासारखा वाजतो, एक्झॉस्टच्या बोगद्याची ऊब पायाला लागते, आणि रंग जिथे खरवडला तिथे गंज धरतो. हे परत बसवताही येत नाही.

तरीही करणारच असाल तर चारही दारं उघडी ठेवा, जाड हातमोजे घाला. ड्राय आइसचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो केबिनमध्ये साठतो आणि माणूस गुदमरतो.

पोर्शेने १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ मध्ये दाराच्या आतल्या हँडलच्या जागी साधा पट्टा लावला होता. तसले बदल मला आवडतात : उलटवता येतात आणि कान शाबूत राहतात.

१०. एसी?

ठेवा. सगळी यंत्रणा मिळून पंधरा-वीस किलो जाते, पण पावसात काचेवरची वाफ घालवायला तीच लागते. ट्रॅकवर बटण बंद केलं की कंप्रेसर ताकद खात नाही. तरी काढायचाच असेल तर गॅस हवेत सोडू नका, यंत्राने काढून घ्यायला लावा. हीटरला हात लावू नका. इंजिन तापायला लागलं तर पूर्ण हीटर चालू करून पिटपर्यंत येता येतं.

११. कार्बन बॉनेट, प्लास्टिकच्या काचा, सनरूफ यांचं काय?

या भागांत किलोंपेक्षा जागा महत्त्वाची. वजन जितकं उंचावर आणि टोकाला, तितकं ते गाडीला झुकवतं आणि वळायला आळशी करतं. सनरूफ पंधरा-वीस किलोंचा आणि थेट डोक्यावर, म्हणून घेताना बिनसनरूफची गाडी मिळत असेल तर ती घ्या. बॉनेट पाच-आठ किलो वाचवतं. कुलपाजवळ पिना नसतील तर वेगात उघडण्याची भीती असते. पॉलिकार्बोनेट काचेच्या निम्म्या वजनाचं, पण धुळीच्या फडक्यानेही त्यावर चरे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यात ते चमकतात. पुढची काच कधीच बदलू नका.

१२. हलका फ्लायव्हील बसवल्यावर फरक कळतो का?

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या टोकाला त्याच्यासोबत फिरणारी जड चकती. फरक पहिल्या गिअरमध्ये प्रचंड, वर जाल तसा कमी. चार किलो उतरवले आणि ते वजन मध्यापासून सरासरी दहा सेंटीमीटरवर होतं असं धरा. इंजिन आणि चाक यांच्यातलं एकूण प्रमाण पहिल्यात १४ असेल, तर ते ८७ किलो उतरवल्यासारखं वाटतं. तिसऱ्यात प्रमाण ५.२, तिथे फक्त १२ किलो. ट्रॅकवर तुम्ही पहिल्या गिअरमध्ये कधी असता? पिटमधून निघताना. रोजच्या ट्रॅफिकमध्ये मात्र सतत, आणि तिथे हलका फ्लायव्हील गाडी बंद पाडतो, आयडलला खडखडतो. खाली गिअर टाकताना इंजिन झटकन वर येतं, ते सुख खरं आहे. क्लच तसाही बदलायचा असेल तेव्हाच, आणि मधल्या वजनाचा घ्या.

१३. हलका सायलेन्सर?

मागचा डबा बारा-पंधरा किलोंचा, तो पातळ स्टीलचा घेतला तर निम्मे जातात. अनेक ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते, आणि हायवेच्या ठरलेल्या वेगाला घुमणारा डबा तासाभरात नकोसा होतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका.

१४. कुठल्या वजनाला हात लावायचाच नाही?

बंपरमागचा बीम, दारातले आडवे बीम, एअरबॅग, एबीएस (ब्रेकमध्ये चाक अडकू न देणारी यंत्रणा), पॉवर स्टिअरिंग. एक्झॉस्टवरच्या उष्णतारोधक पत्र्या, कारण त्यांच्यावर कार्पेट आहे. इंजिनखालचं प्लास्टिक, कारण रेडिएटरमधून हवा नीट वाहायला ते लागतं. सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन पेलणारी चौकट) किंवा गिअरबॉक्सला लटकलेला एखादा निरुपयोगी दिसणारा लोखंडी ठोकळा कंप मारण्यासाठी असतो, तो काढलात की स्टिअरिंग थरथरतं. आणि ब्रॅकेटना, पेडलना भोकं पाडू नका. पन्नास ग्रॅमसाठी तिथून चीर सुरू होते.

१५. मागचं बरंच काढल्यापासून गाडी मागून उचललेली दिसते आणि ब्रेकमध्ये चळते. का?

पुढे ७४० आणि मागे ४६० किलो असलेल्या गाडीतून मागचे साठ काढले, तर पुढचा भार ६२ टक्क्यांवरून ६५ वर जातो. मागच्या स्प्रिंग प्रत्येकी ३० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या असतील तर मागची बाजू साधारण एक सेंटीमीटर वर येते. चाकांचे कोन बदलतात, शॉक अॅब्सॉर्बर आता त्या वजनाला कडक पडतात, आणि हलकी झालेली मागची चाकं ब्रेकमध्ये लवकर अडकू पाहतात. एबीएस सांभाळून घेतं, पण ते वारंवार जागं होत असेल तर ती खूण समजा.

अलाइनमेंट करून घ्या, तीही तुमच्या वजनाइतका भार ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून. मागे फार जास्त पकडीचे पॅड टाकू नका. आणि पुढचं काढण्याचे उपाय, म्हणजे प्रश्न ७ आणि ८, आधी करा.

१६. मायलेज वाढेल का?

थोडं. शंभर किलोमागे दर शंभर किलोमीटरला पाव ते जेमतेम अर्धा लिटर, तेही थांबत-निघत चालणाऱ्या गाडीत. एकसारख्या वेगाने हायवेवर फरक जवळजवळ नाही, तिथे हवेचा विरोध भारी पडतो. छतावरचा कॅरिअर काढा, त्याने दोन्हीकडे फायदा होतो.

१७. कायदा आणि विमा आडवे येतील का?

येऊ शकतात, आणि नियम देशागणिक वेगळे आहेत. सीटची संख्या, बेल्ट, एअरबॅग, काचा आणि एक्झॉस्ट हे पाच विषय बहुतेक ठिकाणी नोंदणीशी किंवा तपासणीशी जोडलेले असतात. करण्याआधी विचारा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. ट्रॅकवरचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरलेलं नसतं, ते कलम स्वतः वाचा.

१८. माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. तिच्यात काही करता येतं का?

चाकं, टायर, सीट, डिकी, एवढंच. बॅटरी पॅक शेकडो किलोंचा असतो आणि तो गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या वायरींच्या जवळ जाऊ नका. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल चांगलं टाकण्यात जास्त फायदा, कारण बॅटरी भरलेली किंवा तापलेली असताना मोटरचं ब्रेकिंग कमी होतं आणि ते काम पॅडवर येतं.

१९. उतरवलेल्या वजनातलं काही परत घालावं असं वाटतं का?

हो, आणि मी घातलं आहे. हाताला येईल अशा जागी, धातूच्या ब्रॅकेटमध्ये पक्कं बसवलेलं दोन किलोचं अग्निशामक. पुढे-मागे टो हुक, म्हणजे अडकलेली गाडी ओढायचे हुक. हार्नेस वापरत असाल तर रोल बार, पंधरा-वीस किलोंचा असला तरी. ट्रॅकहून परतताना मागची सीटही मी तिथेच पिटमध्ये बसवतो. सहा बोल्ट, पंधरा मिनिटं, तोवर ब्रेक थंड होतात.